एकच उत्तर

दोस्ता हे नाव ऐकून आपल्याला मैत्री आठवेल, पण तिच्या भाषेत त्याचा अर्थ होतो 'पुरे'. थोरली फोता, मग दोन मुली तान्हेपणीच गेल्या आणि मग ही. घरच्यांनी देवाला बजावलं, मुली आता पुरे, आणि त्याला विसर पडू नये म्हणून तेच नाव ठेवून दिलं. दोस्ता स्वतः हे हसत सांगते. "माझ्यामागून भाऊ आला का? नाही. देवाने नाव ऐकलं, पण अर्धंच ऐकलं."

ती ल्युबोयनो गावात राहते, प्रेस्पा तळ्याच्या वरच्या अंगाला, सफरचंदांच्या बागांमध्ये. बागेच्या टोकाला उभं राहिलं की तळं दिसतं आणि तळ्यापलीकडे एक बोडका डोंगर. त्या डोंगराच्या पाठीशी तिचं माहेर, निवित्सी. मधे सीमा. अलीकडे मॅसेडोनिया, पलीकडे ग्रीस. गावाजवळून एक जुना रस्ता सरळ तिकडे जायचा. तो दोस्ताचा मुलगा जन्मायच्या आधीच बंद झाला. आता माहेरी जायचं तर डोंगर उतरून बितोला शहराला वळसा घालायचा, मोठ्या नाक्यावरून पलीकडे जायचं आणि पुन्हा डोंगर चढून त्याच तळ्याच्या काठी यायचं.

१९४८ साली पलीकडे यादवी पेटली. गावावर विमानं यायला लागली तेव्हा लहान मुलांना डोंगर ओलांडून पाठवायचं ठरलं. दोस्ता तेव्हा सात वर्षांची. फोता तिच्याहून पाच वर्षांनी मोठी, पण म्हाताऱ्या आजीला चालवत नव्हतं आणि तिच्याजवळ कुणीतरी हवंच होतं. फोताने धाकटीच्या डोक्याला रुमाल बांधला, हनुवटीखाली गाठ इतकी करकचून मारली की कान दुखले, आणि म्हणाली, "रडू नकोस. कापणी झाली की येशीलच."

कापण्या होत राहिल्या. दोस्ता रुमानियातल्या अनाथ मुलांच्या घरात वाढली, मोठी झाल्यावर मॅसेडोनियात आली, सफरचंदं पेट्यांत भरायच्या कामाला लागली आणि तिथल्याच कुझ्मानशी तिने लग्न केलं. स्थळं चांगली आणखीही होती. पण कुझ्मानच्या बागेतून तो डोंगर दिसत होता. कुझ्मानला हे ठाऊक होतं. "हिने माझ्याशी नाही, माझ्या कुंपणाशी लग्न केलं," असं तो पाहुण्यांना सांगायचा.

तिकडे फोताचंही लग्न झालं, तेही गावातच. मग टेलिफोन आले आणि दर रविवारी चर्चहून परतल्यावर दोघी बहिणी बोलायला लागल्या. फोता काही गावाबाहेर पडणाऱ्यातली नव्हती. गाडीत बसली की तिला उलट्या व्हायच्या, आणि पुढे नवरा अंथरुणाला खिळला. यायचं ते दोस्तानेच.

एकदा ती निघालीही होती. त्या उन्हाळ्यात ग्रीसने जुन्या विस्थापितांना थोडे दिवस येऊ द्यायचं कबूल केलं होतं. नवा झगा शिवून, आईच्या कबरीसाठी मेणबत्त्या घेऊन ती कुझ्मानबरोबर नाक्यावर जाऊन उभी राहिली. खिडकीतल्या माणसाने पासपोर्ट पाहिला. जन्मगाव, निवित्सी.

"असं गाव नाही," तो म्हणाला.

"नाही कसं? मी झाले की तिथे!"

"त्या गावाचं नाव प्सारादेस."

ग्रीसने तिकडच्या गावांची जुनी नावं कधीच बदलून टाकली होती. कुझ्मानला मोडकंतोडकं ग्रीक येत होतं, तोच दोघांचं बोलणं एकमेकांना सांगत होता. त्याने मधे पडून पाहिलं, मग बायकोच्या कानाशी लागला. "अगं, तो म्हणतो ते म्हण ना. एका शब्दाने काय बिघडतं?"

"मी जिथे जन्मलेच नाही, तिथे जन्मले म्हणू?"

त्या दिवशी त्याच खिडकीतून दुसरे कितीतरी जण पलीकडे गेले, गावांची तसलीच जुनी नावं लिहिलेले पासपोर्ट घेऊन. खिडकीत कोण बसलंय आणि त्याचा दिवस कसा गेलाय, यावर सगळं होतं. दोस्ताला मात्र परत पाठवलं. पुढल्या वर्षी पुन्हा जाऊ, असं कुझ्मान म्हणत राहिला. "माझ्या मुलाहून लहान माणसाने मला दारातून हाकलायचं, ते एकदा झालं. पुरे," असं म्हणून तिने विषय बंद केला. स्वतःचंच नाव असल्यामुळे हा शब्द ती असा उच्चारायची की समोरच्याला पुढे बोलवत नसे. मुलगा सोतिर म्हणाला, पासपोर्टात गावाचं नाव बदलून आणतो. तर त्याच्याशी ती दोन दिवस बोलली नाही.

सोतिर सैन्यात होता. त्याचा देश नाटोच्या दारात उभा होता आणि आत घ्यावं म्हणून आधीपासूनच नाटोच्या कामाला माणसं पाठवत होता. सोतिरही काबूलला जाऊन आला. निघताना त्याने आईला समजावलं, "एकदा आपण आत गेलो की ते आणि आपण एका बाजूचे. मग नाक्यावर असा त्रास व्हायचा नाही." दोस्ताच्या डोक्यात तेव्हापासून नाटो आणि फोता यांची गाठ बसली. देवापुढे दिवा लावताना ती सोतिरचं नाव घ्यायची, फोताचं घ्यायची आणि मग जरा अवघडून म्हणायची, "आणि त्या नाटोचंही बघ."

२००८च्या वसंतात बुखारेस्टला मोठी बैठक भरली. धाकटा दीर स्पासे फटाके घेऊन आला होता. स्पासे म्हणजे आवाज मोठा, मन त्याहून मोठं आणि डोकं पहाटेपासून तापलेलं. टीव्हीवर बातमी आली, ग्रीस अडून बसला. मॅसेडोनिया हे आमच्या एका प्रांताचं नाव, ते या देशाने लावायचं नाही. नाव बदला, मग या.

"बघितलंस, वहिनी?" स्पासेने फटाक्यांची पिशवी पलंगाखाली ढकलली. "आपलं पोरगं काबूलला पाठवायला हे नाव चालतं. घरात घ्यायची वेळ आली की चालत नाही!"

"मग आता नाका?"

"कसला नाका? मी देशाचं बोलतोय आणि तू नाक्याचं!"

"भावजी, देशाचं बघायला पुष्कळ माणसं आहेत. माझ्या नाक्याचं मीच बघायचं ना?"

दोन वर्षांनी कुझ्मान गेला. फटाके पलंगाखालीच राहिले. उंदरांनी पिशवी कुरतडली.

आणि मग एका हिवाळ्यात फोन करताना फोताचा आवाज वेगळा लागला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "एक डोळा गेला गं माझा. दुसऱ्यातही धुकं आहे. डॉक्टर म्हणाला, किती टिकेल सांगता येत नाही."

दोस्ताने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"ऐकतेस ना? दिसतंय तोवर ये. मी तुझं तोंड सात वर्षांचंच पाहिलंय."

"फोटो पाठवले होते की, ताई."

"फोटोतलं तोंड हे काय तोंड असतं? ते गप्प बसतं. तू कधी गप्प बसली होतीस का?"

त्या दिवसापासून दोस्ताच्या जिवाला घोर लागला. बागेच्या टोकाशी जाऊन ती डोंगराकडे बघायची. आपल्याला तो लख्ख दिसतो याचीच तिला लाज वाटायची.

२०१८च्या जूनमध्ये दोन्ही देशांचं जमलं. तोडगा असा, की नाव मॅसेडोनियाच राहील, पण त्याच्याआधी 'उत्तर' हा शब्द लागेल आणि मग ग्रीस नाटोची वाट अडवणार नाही. सही करायला जागा ठरली ती प्रेस्पा तळ्याच्या काठची, ग्रीसच्या बाजूची. टीव्हीवर जागेचं नाव आलं, प्सारादेस. दोस्ता जेवणाचं ताट बाजूला सारून पडद्याला नाक लावून बसली. तो धक्का, ते पाणी, तो डोंगर, पण या वेळी आतल्या बाजूने. तिचं निवित्सी. झाडांमागे लाल कौलं दिसली तशी ती ओरडली, "सोतिर! त्या टोपीवाल्या माणसाच्या मागे! ते फोताचं घर!"

"आई, इथून कसं कळणार?"

"टोपीवाल्याला म्हणावं बाजूला हो!"

सही झाली. मोठमोठे लोक होडीत बसले आणि तळं ओलांडून अलीकडच्या काठाला जेवायला आले.

"हे काय?" दोस्ताने विचारलं. "तिकडून इकडे? होडीतून?"

"हो. जेवण इकडे ठेवलंय."

"जेवायला आले," ती स्वतःशीच म्हणाली. "सत्तर वर्षं मी इथे बसले, आणि हे होडीत बसून जेवायला आले."

तिने लगेच फोताला फोन लावला. जगाचे कॅमेरे दारात आलेली फोता भयंकर चिडलेली होती. "नाव काढू नकोस! सकाळपासून पोलिसांनी रस्ता अडवलाय. माझ्या कोंबड्या पलीकडच्या खुराड्यात उपाशी. मी त्या पोलिसाला म्हटलं, तुमची सही होईल तेव्हा होवो, कोंबड्यांना काय सांगू?"

"पण ताई, आता वाट मोकळी होणार म्हणतात."

"होईल तेव्हा खरी. तू चोरासारखी टीव्हीत बघत बसू नकोस, ये."

पण इतक्यात कुठलं व्हायला. दोन्हीकडे माणसं रस्त्यावर उतरली. तिकडचे म्हणाले, आमचं नाव विकलं. इकडचे म्हणाले, आमचं नाव विकलं. सप्टेंबरच्या शेवटी इकडे लोकांना विचारायचं ठरलं, नाटोत आणि युरोपात जाण्यासाठी हा करार मान्य आहे का. पुष्कळांनी मत द्यायलाच जायचं नाही असं ठरवलं, आणि त्यांत स्पासे सगळ्यांत पुढे. सफरचंदं तोडायचे दिवस होते. दोस्ता काळा झगा घालून मत द्यायला निघाली तेव्हा तो शिडीवरूनच ओरडला.

"कमाल आहे, वहिनी! स्वतःच्या गावाचं नाव बदलेना म्हणून नाक्यावरून परत आलीस. पासपोर्टाला हात लावू दिला नाहीस. आणि आता देशाचं नाव बदलायला नटूनथटून चाललीस?"

दोस्ता थांबली. ही गोष्ट तिच्याही मनात सलत होती. तिने डोक्यावरचा रुमाल सारखा केला.

"भावजी, नाक्यावर तो माणूस मला म्हणाला, निवित्सी नाहीच. हे म्हणतात, तुम्ही आहात, फक्त डोक्यावर काहीतरी घेऊन आत या. चर्चमध्ये जाताना मी रुमाल घेते, म्हणून काय आत जाऊन मी दुसरी कुणी होते?"

"रुमाल तू आपणहून घेतेस. हा आपल्याला बांधायला लावलाय."

"लावलाय," दोस्ता म्हणाली. "ते खरं आहे. तुमचा राग खोटा आहे असं मी म्हणतच नाही. पण फोताचा एकच डोळा राहिलाय, आणि तो काही आपला राग ओसरायची वाट बघणार नाही."

स्पासे पुन्हा सफरचंदं तोडायला लागला. मत द्यायला तो गेला नाही ते नाहीच. पण दोस्ता परत आली तेव्हा तिच्या वाटणीच्या झाडांची सफरचंदं उतरवून झाली होती.

त्या दिवशी निम्म्याहून कमी लोक मत द्यायला आले. मग संसदेत ओढाताण झाली. जानेवारीत ग्रीसच्या संसदेत जेमतेम पार पडलं आणि पुढच्याच महिन्यात ग्रीसने नाटोच्या कागदावर होकार दिला. सोतिर म्हणाला, "आई, आता बाकीच्या सगळ्या देशांच्या सह्या व्हायच्या. वर्षभर लागेल. एकदा रीतसर आत गेलो की मी तुला मानाने घेऊन जातो. तोवर थांब."

"ज्याने दार अडवलं होतं त्यानेच कडी काढली ना?"

"काढली."

"मग बाकीच्यांचं काय घेऊन बसलास? ईस्टरला जाऊ."

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी तिने पहाटे अंडी लाल रंगवली. पहिलं अंडं रिवाजाप्रमाणे देवापाशी वर्षभरासाठी ठेवलं आणि बाकीची पंचा पसरून टोपलीत रचली. पासपोर्टात अजून निवित्सीच होतं. म्हणून सोतिरने तिची तालीम घ्यायला सुरुवात केली.

"कुठे चाललात विचारतील. काय म्हणायचं?"

"नि—"

"आई!"

"बरं बरं. प्सा... हे काय रे, कुत्र्याला हाकलल्यासारखं? प्सा!"

"प्सारादेस. राग न करता म्हण."

"प्सारादेस." तिने क्रूसाची खूण केली. "देवा, हे मी जन्मगाव म्हणून म्हणत नाहीये. नुसता पत्ता सांगतेय."

भांडी घासताना, कोंबड्यांना दाणे टाकताना, चर्चच्या वाटेवर ती तो शब्द घोकत राहिली. निघायच्या सकाळी स्पासे सफरचंदांची पेटी घेऊन आला आणि गाडीत ठेवायला लागला.

"हे फोतासाठी, भावजी?"

"फोताबिताचं मला काही माहीत नाही. तिकडे खाण्यालायक सफरचंदं मिळत नाहीत, एवढ्यासाठी."

नाक्यावर रांग लहानच होती. गाडीच्या नंबराच्या पाटीवर देशाची जुनी अक्षरं होती, त्यांच्यावर चिकटपट्टी लावून घ्यावी लागली. दोस्ताने ते काचेतून पाहिलं आणि टोपली घट्ट धरली. तिचे ओठ हलत होते. अर्धी प्रार्थना होती, अर्धा तो शब्द. कोणता कुठे संपतो हे तिचं तिलाही कळत नव्हतं.

खिडकीत या वेळी एक तरुण बाई होती. तिने पासपोर्ट उघडला. जन्मगावाच्या ओळीवर तिची नजर थांबली. बाईने मान वर करून ग्रीकमध्ये काहीतरी विचारलं.

"प्सारादेस!" दोस्ता म्हणाली.

बाईच्या भुवया वर गेल्या. तिने टोपलीकडे बोट करून पुन्हा काहीतरी विचारलं.

"प्सारादेस!"

"आई," सोतिर दबक्या आवाजात म्हणाला, "ती टोपलीत काय आहे विचारतेय."

पण दोस्ता आता थांबण्यातली नव्हती. बाईने हसू दाबत, बोटांवर मोजून दाखवत विचारलं, किती दिवस राहणार?

"प्सारादेस! प्सारादेस!"

बाईला हसू आवरेना. शेजारच्या खिडकीतला माणूसही वाकून बघायला लागला. तिने शिक्का मारला, पासपोर्ट परत दिला आणि अगदी हळू, ऐकू येईल न येईल असं, ग्रीकमध्ये ईस्टरचं म्हटलं, ख्रिस्त उठला आहे. ते शब्द मात्र दोस्ताला लहानपणापासून ओळखीचे होते. तिने आपल्या भाषेत उत्तर दिलं, "खरोखर उठला आहे," आणि टोपलीतलं एक अंडं खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं.

गाडी पलीकडे निघाली. नाका मागे पडला तरी दोस्ता श्वास धरून बसली होती. वळण गेलं. "झालं?" तिने विचारलं.

"झालं, आई."

"एवढंच?"

"एवढंच."

मग ती रडली. कुझ्मानची आठवण काढून रडली, जराशी हसलीही, आणि नाक पुसून म्हणाली, "पण शब्द मी बरोबर म्हटला ना?"

निवित्सीला पोचले तेव्हा ऊन तळ्यावर होतं. फोता दारातल्या बाकावर बसलेली, वाळलेल्या शेंगेसारखी बारीक. गाडीचा आवाज ऐकून उठली. दोस्ता समोर जाऊन उभी राहिली.

"उजेडाकडे तोंड कर," फोता म्हणाली. तिने दोस्ताची हनुवटी धरून मान वळवली, स्वतःचा चांगला डोळा जवळ आणला आणि बघत राहिली. पुष्कळ वेळ बघत राहिली. कपाळ, गाल, तोंडाच्या बाजूच्या सुरकुत्या.

"दिसतंय, ताई?"

"दिसतंय. अगं बाई. किती म्हातारी झालीस गं!"

"आणि तू काय नवरी आहेस?"

"तोंड आईसारखं झालंय तुझं," फोता म्हणाली. तिने हातांनी चाचपून दोस्ताच्या रुमालाची गाठ शोधली, सोडली आणि पुन्हा बांधली. तितकीच करकचून.

मग दोघींनी अंडी लढवली. ज्याचं फुटेल तो हरला. फोताचं अंडं काही केल्या फुटेना. दोस्ताची लागोपाठ फुटली तेव्हा तिने बहिणीची मूठ उघडून पाहिली. आत लाकडाचं रंगवलेलं अंडं.

"अजून तशीच लबाडी!"

"तुला सात वर्षांची असतानाही कळली नव्हती," फोता आनंदाने म्हणाली.

जेवताना दोस्ताने नाक्यावरची हकिकत सांगितली. फोता पोट धरून हसली. "काय म्हणालीस? परत म्हण. प्सारादेस? अगं, आघात चुकला. असं म्हणतात ते." तिने म्हणून दाखवलं. "दुकानात, दवाखान्यात मी तसंच म्हणते."

"आणि घरात?"

"घरात कशाला म्हणायचं? घरात आपण घरातच असतो." मग म्हणाली, "कोंबड्यांना हाक मारताना निवित्सीतल्या कोंबड्या म्हणते."

संध्याकाळी त्या दोघी हातात हात घालून आईच्या कबरीवर गेल्या. नाक्यावरून परत पाठवलं त्या उन्हाळ्यात न पेटवलेल्या मेणबत्त्या दोस्ताने जपून ठेवल्या होत्या, पिवळ्या पडलेल्या. त्याच लावल्या.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये बाकीच्या सह्या पुऱ्या झाल्या आणि देश रीतसर नाटोत गेला. पण तेव्हा साथ पसरली होती. सगळे नाके बंद, माणसं घरात, झेंडा वर गेला तो मोकळ्या अंगणांत. स्पासे कुंपणापलीकडून ओरडला, "बघ वहिनी, तुझ्या नाटोत गेलो आपण, आणि दार त्याच वेळी लागलं!"

दोस्ता ओट्यावर बसून घेवडा निवडत होती. त्याच आठवड्यात फोताने फोनवर सांगितलं होतं, की आता दुसराही डोळा मिटल्यातच जमा आहे. पण रडली नव्हती. म्हणाली होती, "असू दे. तुझं तोंड आत आहे."

"दार लागायच्या आधी मी जाऊन आले, भावजी," दोस्ता म्हणाली, आणि घेवड्यातला खडा काढून कुंपणाकडे टाकला. "सोतिरचं ऐकून थांबले नाही, देवाचे उपकार."

"त्या पेटीतली सफरचंदं खाल्ली का तिने?"

"खाल्ली. विचारत होती, परत कधी पाठवणार म्हणून."

थोड्या वेळाने कुंपणापलीकडून पेट्या सरकवल्याचा आवाज यायला लागला.